वर्गणी सर्वांची, सही कोणाची?

२०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव जिल्ह्याच्या भूम-परंडा भागात पुराने थैमान घातले, तेव्हा महाराष्ट्राने हात आखडता घेतला नाही. ज्या जिल्ह्याने वर्षानुवर्षे टँकरची वाट पाहिली, तिथली माणसे छपरावर बसून बोटीची वाट पाहत आहेत, हे दृश्यच असे होते की पुण्या-मुंबईपासून खेड्यापाड्यांपर्यंत लोकांनी धान्य, कपडे, किराणा, चारा, जे जमेल ते पाठवले. आपल्या माणसांचे हे देणे खरे असते. त्याची चेष्टा करण्याचा अधिकार कोणाला नाही, निदान ज्याने स्वतः काही दिले नाही त्याला तर नाहीच.

पण हे देणे पोचते कुठे, हा प्रश्न विचारायला हरकत नसावी. सरकारी मदतीचे मुख्य माप हेक्टर. पीक गेले, जमीन खरवडून गेली, विहीर बुजली, जनावर दगावले, घर पडले, प्रत्येकाला दर ठरलेला. ज्याच्या नावावर सातबारा नाही, जो सोयाबीनच्या काढणीवर दिवाळी करणार होता, त्याच्या बुडालेल्या मजुरीला या तक्त्यात रकाना नाही. मराठवाड्यात भूमिहीन म्हटले की त्यात दलित कुटुंबे किती मोठ्या प्रमाणात असतात, हे सांगायला आकडेवारीची गरज नाही. सरकारचे एक वेळ समजू. त्याला कागद लागतो. पण खाजगी दात्यांची मदतही अनेकदा त्याच याद्या हातात घेऊन, त्याच पुढाऱ्याच्या ओट्यावर उतरते आणि तिथून पुढे गावाच्या जुन्याच उतरंडीने खाली झिरपते. शेवटच्या घरापर्यंत काय उरते हे उतरंडीवर अवलंबून.

मी बेंबळीचा. धाराशिव तालुक्यातले हे बऱ्यापैकी मोठे गाव. पोलीस ठाणे आहे, महसूल मंडळाचे ठिकाण आहे, आसपासच्या खेड्यांची ये-जा आहे. गावाचे उदाहरण घेतो आहे ते ते वाईट आहे म्हणून नव्हे, ओळखीचे आहे म्हणून. अशा कोणत्याही गावात वर्षभर वर्गणी चालूच असते. हरिनाम सप्ताह, जत्रा, देवळाचा जीर्णोद्धार, गणपती, शिवजयंती, आंबेडकर जयंती, उरूस, शाळेची भिंत, कोणाच्या तरी ऑपरेशनचा खर्च. आपल्याकडे ‘दानाची संस्कृती नाही’ असे शहरातले विद्वान म्हणतात तेव्हा मला हसू येते. शंभर-पाचशेच्या पावत्यांची ती चोपडी त्यांनी पाहिलेली नसते.

नोकरीची तीसेक वर्षे मी बँकेत काढली, त्यातली बरीच ग्रामीण शाखांत. अशा समित्यांची बचत खाती उघडणे हे आमचे नेहमीचे काम. ठराव आणायचा, अध्यक्ष-सचिव-कोषाध्यक्षांची नावे, ‘कोणत्याही दोघांच्या सहीने’ असा शेरा, आणि सह्यांच्या नमुन्याचे कार्ड. कादंबऱ्या लिहिणाऱ्याला नावे वाचायची खोड असते. एका गावच्या जीर्णोद्धार समितीचा वर्गणीचा हिशेब माझ्यासमोर होता. त्यात गावातल्या सगळ्या आळ्या होत्या, दलित वस्तीही होती, आणि घरटी रक्कम सर्वांना सारखीच लावलेली होती. सह्यांच्या कार्डावर मात्र एकाच भावकीतली तीन नावे. यात बेकायदा काही नव्हते. पैसा चोख जमा होत होता, चोख खर्चही होत होता. फक्त कुठे खर्च होणार हे ठरवणारे हात तिघांचे होते आणि देणारे हात तीनशेंचे. पुढे बदली होऊन जिथे जिथे गेलो तिथे तिथे ही कार्डे पाहत राहिलो. फारसा फरक आढळला नाही.

योगायोग असा की स्थानिक देणग्यांचा कायमचा निधी उभा करण्याची आधुनिक कल्पना एका बँकवाल्याचीच. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरातल्या एका ट्रस्ट कंपनीचा अध्यक्ष फ्रेडरिक गॉफ याने १९१४ साली ‘क्लीव्हलंड फाउंडेशन’ स्थापन केले. त्याच्या बँकेत मृत्युपत्रांनी बांधलेला पैसा पडून असे. शंभर वर्षांपूर्वीच्या कोणा सद्गृहस्थाने ज्या कामासाठी ठेवला, ते कामच आता उरलेले नाही, आणि पैसा दुसरीकडे वळवता येत नाही. मेलेल्याचा हात जिवंतांच्या पैशावर राहू नये, म्हणून गॉफने युक्ती काढली. अनेकांच्या देणग्या एकत्र करायच्या, सांभाळायला बँक, आणि वाटप ठरवायला वेगळी समिती, जिच्यातली काही माणसे महापौर आणि न्यायाधीश नेमतील. यालाच तिकडे ‘कम्युनिटी फाउंडेशन’ म्हणतात. आपण ‘गावनिधी’ म्हणू. मुंबईतही नव्वदच्या दशकाच्या आरंभी ‘बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट’ या नावाने तसा प्रयोग सुरू झाला.

गॉफचे डोके मोठे, यात शंका नाही. पण महापौर आणि न्यायाधीश कोणाला नेमणार? त्या काळात शहरातल्या प्रतिष्ठितांना. काळ्या वस्तीतले कोणी त्या खुर्चीवर असण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे १९३० च्या दशकात तिकडच्या सरकारी गृहकर्ज महामंडळाने शहरांचे नकाशे काढले आणि काळ्यांच्या वस्त्या तांबड्या रंगाने रंगवल्या. अर्थ एवढाच, की इथे कर्ज देणे धोक्याचे. त्या तांबड्या पट्ट्यात घराला कर्ज मिळेना, घर नाही म्हणून तारण नाही, तारण नाही म्हणून धंद्याला कर्ज नाही, आणि अशा तऱ्हेने दोन पिढ्यांत गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या संपत्तीतली दरी रुंदावत गेली. बँकेत बसणाऱ्याला हे चटकन कळते. आमच्याकडे नकाशा नव्हता, पण ‘त्या वस्तीतली वसुली अवघड’ हे वाक्य नकाशाचेच काम करत असे.

मे २०२० मध्ये मिनिआपोलिस शहरात पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला आणि अमेरिकेतली अशी फाउंडेशने खडबडून जागी झाली. काळ्यांच्या संस्थांसाठी खास निधी निघाले, वाटपाच्या समित्यांवर त्या वस्त्यांतली माणसे घेतली गेली. लगेच उलटा वाराही सुटला. अटलांटातल्या ‘फिअरलेस फंड’ नावाच्या संस्थेने काळ्या स्त्री-उद्योजकांसाठी अनुदान ठेवले होते. तो वंशभेद ठरतो असा दावा झाला. जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने ते अनुदान रोखून धरले आणि सप्टेंबरात तडजोड होऊन योजनाच बंद झाली.

या बाबतीत आपला कायदा अमेरिकेपेक्षा शहाणा आहे, हे आपल्याच लोकांना ठाऊक नसते. १९६१ च्या आयकर कायद्याने एखाद्या विशिष्ट जातीपुरत्या नव्या ट्रस्टला करसवलत नाकारली. पण अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी काढलेला ट्रस्ट ‘एका जातीचा’ मानायचा नाही, असा स्पष्ट खुलासाही त्यात घातला. म्हणजे एखाद्या गावाने उद्या ठरवले की आमच्या निधीचा पहिला हक्क दलित वस्तीचा, तर त्याला कायदा आडवा येणार नाही. आड येईल ती सवय.

सवय किती चिवट असते, याचा धडा आपल्याच भागाने १९९३ साली घेतला. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत हजारो माणसे गेली आणि पन्नासवर गावे नव्या जागी वसवावी लागली. जगभरातून पैसा आला, जागतिक बँकेचे कर्ज आले, देशभरातल्या संस्थांनी गावे दत्तक घेतली. एवढा पैसा आणि एवढी सदिच्छा या भूमीने पूर्वी कधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. नवी गावे कोऱ्या जमिनीवर आखायची होती. हजार वर्षांत एखाद्या वेळी येते तशी संधी. आणि घरांचे माप कसे ठरले? भूमिहीन मजुराला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४००, मोठ्या जमीनदाराला ७५०. ज्याची दगडी माळवदाची घरे पडली त्याला मोठे घर हवे, हा युक्तिवाद वरवर बिनतोड. परंतु झोपडीत राहणाऱ्याला झोपडीइतकेच घर द्यायचे, हे भूकंपाने ठरवले नव्हते. घरांच्या रांगा जिथे मापानुसार पडल्या तिथे गावकुसाबाहेरचा वाडा नव्या गावातही आपोआप कडेला गेला, फक्त आता त्याला काँक्रीटचा रस्ता होता.

त्याच भूकंपानंतर एक वेगळी गोष्टही घडली, तीही नोंदवली पाहिजे. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. कोणाचे घर, किती दुरुस्ती, पैसे कुठे अडले, हे त्या गावाला सांगू लागल्या. पुढे त्यातूनच बचत गट वाढले. शिकलेल्या पुढाऱ्याला जे जमले नसते ते त्यांना जमले, कारण हिशेब चावडीऐवजी त्यांच्या बैठकीत वाचला जाऊ लागला. बचत गटांच्या बँक-जोडणीची नाबार्डची योजना १९९२ ची. माझ्या नोकरीच्या पुढच्या वर्षांत मी जी खाती उघडली, त्यांत अंगठ्याच्या जागी सही गिरवणाऱ्या बायकांची खाती मला सर्वांत अधिक आनंद देऊन गेली. मात्र एक गोष्ट तिथेही दिसे. एकाच आळीच्या बायकांचा गट सहज होई. दोन आळ्यांचा मिळून गट फार क्वचित.

इथे एक जुना वाद आठवतो. सप्टेंबर १९३२ मध्ये पुणे करार झाला आणि लगोलग अस्पृश्यतानिवारणासाठी एक अखिल भारतीय संघटना निघाली. तीच पुढे ‘हरिजन सेवक संघ’ म्हणून ओळखली गेली. घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष, ठक्करबाप्पा चिटणीस. डॉ. आंबेडकर सुरुवातीला तिच्या मंडळावर होते. नोव्हेंबरात गोलमेज परिषदेला जाताना बोटीवरून त्यांनी ठक्करांना सविस्तर पत्र लिहिले. शिष्यवृत्त्या आणि दवाखाने ठीक आहेत, पण आधी विहिरी, शाळा, रस्ते आणि रोजगार यांतला हक्क मिळवून देण्याची मोहीम हाती घ्या आणि काम करणारे लोक अस्पृश्य समाजातूनही घ्या, असे त्यांचे म्हणणे होते. संघाने तो मार्ग धरला नाही आणि बाबासाहेब त्यातून बाहेर पडले. गांधीजींची भूमिका अशी, की हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे. कर्ज सवर्णांचे आहे, तेव्हा ते फेडण्याची व्यवस्था ऋणकोंनीच करावी. धनकोंनी मंडळात बसण्याचे कारण नाही.

गांधीजींच्या हेतूबद्दल मला शंका नाही. परंतु हिशेबाच्या दृष्टीने हा युक्तिवाद मला कधीच पटला नाही. कर्जफेडीचे हप्ते किती, केव्हापासून, कोणत्या स्वरूपात, हे एकट्या ऋणकोने ठरवायचे, अशी बँक जगात कुठे चालली आहे? धनकोला निदान खाते पाहण्याचा हक्क असतो. आमच्याच तालुक्यातल्या कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांगांची परिषद भरली होती. त्या पिढीला सवर्णांची दया नको होती, खात्यातली आपली जागा हवी होती. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, जे पुढे ‘मिलिंद’ नावाने ओळखले गेले, तेव्हा मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत पहिला पदवीधर झाला. पैसा अनेकांचा होता. सही मात्र त्यांची होती. गाडगे महाराजांनी १९४९ साली पंढरपूरची आपली धर्मशाळा याच सोसायटीला देऊन टाकली, तेव्हा सोबत अटींची यादी दिली नाही. आपल्याकडच्या दात्यांना हा माणूस झाडू घेतलेला आठवतो. किल्ली देऊन मोकळा झालेला आठवत नाही.

दुसरे उदाहरण भाऊराव पाटलांचे. १९१९ साली रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ साली साताऱ्याचे वसतिगृह सुरू झाले, १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू छत्रपतींचे नाव दिले गेले. वसतिगृह चालवायला पैसा नव्हता. वहिनी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले. मग मुष्टिफंड. रोज दळणातले मूठभर धान्य प्रत्येक घराने बाजूला काढून ठेवायचे आणि मुलांनी ते गोळा करून आणायचे. सगळ्या जातींच्या घरांतले धान्य एका कणगीत, आणि सगळ्या जातींची पोरे एका पंक्तीला. मूठ घालणाऱ्या पाटलिणीला ‘माझी ज्वारी आमच्यातल्याच पोरांच्या ताटात जाऊ द्या’ असे म्हणायची सोयच ठेवली नव्हती. धान्य एकदा कणगीत पडले की ते कोणाचे नव्हते.

याउलट शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून जातवार वसतिगृहे काढली. अस्पृश्य मुलांसाठीचे मिस क्लार्क वसतिगृह १९०८ चे. त्यांना सर्व जातींचे एकत्र वसतिगृह नको होते असे नाही. पण त्या काळात एकत्र ठेवले की एकाच जातीची मुले भरतात, हा अनुभव आल्यावर त्यांनी प्रत्येक समाजाला त्याचे स्वतःचे घर आणि त्याच्या स्वतःच्या समितीच्या हाती कारभार दिला. दोन्ही वाटा भिन्न आहेत आणि कोणती बरोबर हे गावागणिक बदलेल. जिथे वस्ती संख्येने मोठी आणि संघटित आहे तिथे तिचा स्वतंत्र निधी असावा. बेंबळीसारख्या मिश्र गावात मला भाऊरावांची कणगी अधिक पसंत पडते, पण कणगीच्या झाकणाशी कोण उभे आहे ते पाहून.

सध्याच्या योजनांत हा विचार अर्धवट शिरलेला आहे. २०१९ च्या जलजीवन मिशनमध्ये गावातल्या कामाच्या खर्चापैकी १० टक्के लोकवर्गणी ठेवली आणि डोंगरी व वनक्षेत्रातली गावे, तसेच निम्म्याहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जाती-जमातींची असलेली गावे यांना ५ टक्क्यांची सवलत दिली. आमच्या भागात वस्ती असते गावात अल्पसंख्य. म्हणजे वस्तीला सवलत नाही, नळाचा शेवटचा फाटा मात्र तिचाच. वॉटर कपच्या काळात, २०१६ नंतर, मराठवाड्यात हजारो हातांनी श्रमदान केले. बांध झाले, विहिरींना पाणी आले, सगळे खरे. ज्याच्याकडे विहीर नाही, रानच नाही, त्यानेही कुदळ मारली होती. त्याच्या घामाचे पाणी कोणाच्या रानात मुरले, याचा हिशेब कोणी मांडल्याचे माझ्या पाहण्यात नाही. मंगळवेढ्याच्या कुसाचे काम करताना ती भिंत कोसळून चोखोबा दगावले, अशी परंपरा सांगते. ज्या गावाच्या आत घर नाही त्या गावाचे कूस बांधण्याचे काम त्यांच्याकडे होते. तेरचे गोरोबा त्यांचे समकालीन, म्हणजे ही गोष्ट आपल्या परिसराला परकी नाही.

आणखी एक तरतूद घराघरात माहीत असावी अशी आहे. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करायचे असतात. हा पैसा दानाचा नव्हे, हक्काचा. तो दिव्याच्या खांबावर आणि समाजमंदिराच्या रंगावर संपतो की मुलींच्या सायकली आणि अभ्यासिकेवर जातो, हे ग्रामसभेत विचारता येते. २०२० च्या डिसेंबरात राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, हे उत्तमच. पाट्या बदलणे स्वस्त पडते.

गावनिधी काढायचाच तर बेंबळीसारख्या गावात पैशाची अडचण मला फारशी वाटत नाही. पुण्यात, मुंबईत, हैदराबादेत नोकरीला गेलेली आमच्या भागातली मुले सप्ताहाला आणि जत्रेला वर्गणी पाठवतातच. मोबाइलवरून पाठवतात आणि पावतीचा फोटो मागतात. वस्तीतून शिकून बाहेर पडलेली मुलेही जयंतीला पाठवतात. दोन वेगळ्या चोपड्या, दोन वेगळे व्हॉट्सॲप ग्रुप. यातला काही भाग एका निधीत आला तर वर्षाला दहा-वीस मुलांच्या वसतिगृहाची फी सहज निघेल. अडचण पुढची आहे. थोरला दाता म्हणेल, ‘पैसे माझे, मी सांगेन तिथे लावा.’ त्याला नम्रपणे सांगावे लागेल की मग स्वतंत्र देणगी द्या, तुमच्या नावाची फरशी लावू. या निधीत मात्र पाच हजारवाला आणि पन्नासवाला सारखेच. वस्तीतला तरुण म्हणेल, ‘तुमची भीक नको, आमचा हक्क द्या.’ त्याचे म्हणणे मला खोटे वाटत नाही. म्हणूनच त्याला लाभार्थींच्या यादीत घालण्याआधी समितीत घ्यायचे, आणि तेही नावापुरते एक माणूस म्हणून नव्हे. पाचांत एकटा माणूस फक्त मान हलवतो. दोघे असले की एक बोलतो आणि दुसरा त्याला दुजोरा देतो. समित्यांच्या बैठका पाहिलेल्या कोणालाही हे पटेल. त्या दोघांतली एक बाई असेल तर फीचे पैसे वेळेवर भरले जातात, हा माझा बचत गटांच्या खात्यांवरून बनलेला पूर्वग्रह समजा.

पहिला खर्च कशावर, हेही आधी लिहून ठेवावे. पैसा जमल्यावर ठरवू म्हटले की देऊळ जिंकते. माझ्या मते पहिली तीन वर्षे भूमिहीन घरांतल्या मुलांच्या, विशेषतः मुलींच्या, दहावीनंतरच्या शिक्षणावर. सातबारा नसलेल्या घराच्या बुडालेल्या मजुरीला पुरात, दुष्काळात तक्ता लागू होत नाही, तेव्हा तिथे निदान पगाराची एक चिठ्ठी यावी.

बाकी कागदपत्रांचे फार अवघड नाही. सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी, समितीचा ठराव, सह्या करणाऱ्यांची ओळखपत्रे आणि फोटो. शाखेत गेल्यावर खाते कसे चालवायचे हे विचारतील, तेव्हा ‘कोणत्याही दोघांच्या सहीने’ असे सवयीने सांगू नये. ‘दोघांच्या सहीने, त्यांतली एक वस्तीतल्या सदस्याची असलीच पाहिजे,’ असे ठरावात लिहून न्यावे. तशी सूचना बँक नोंदवून घेते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा असतेच. त्या दिवशी पासबुक मोठ्याने वाचायला दहा मिनिटे पुरतात.